रॉडला गंज लागू नये म्हणून

आमच्या सासूबाईंचा पाय मोडला तो पडून नव्हे. सकाळची पूजा आटोपून त्या देवघरातल्या पाटावरून उठत होत्या. मांडीत काडकन आवाज झाला आणि त्या पुन्हा पाटावर बसल्या. मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, पाट मोडला. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण मी धावत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सागवानी म्हणून दिला होता की गं हा."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. हुबळीच्या बाजारात आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आणि राहायला विद्यानगरात घर. सासरची मंडळी मूळची मिरजेकडची, पण चार पिढ्या इकडे काढल्यामुळे घरात मराठी, दारात कानडी आणि भांडण झालं की दोन्ही. मी साताऱ्याकडून सून म्हणून आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात मला भाजीवाल्याशी आणि दूधवाल्याशी पुरेल इतकं कानडी येत होतं, वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायची रीत, सासऱ्यांना मामंजी.

पाच वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या छातीतली गाठ काढली होती. घरात तिचा उल्लेख 'ती गाठ' एवढाच व्हायचा, आणि तोही खालच्या आवाजात. आता मांडीचं हाड मोडलं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत स्टीलचा लांब रॉड बसवला, आणि हाडाचा तुकडा तपासायला पाठवला. चार-पाच दिवसांनी त्यांनी मामंजींना आणि माझ्या नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तोच आजार हाडात उतरला आहे. तो मुळापासून जाणार नाही, पण आवरता येईल. टाके सुकले की मांडीला दहा दिवस रेडिएशन द्यायचं, म्हणजे आतलं वाढणं थांबेल, दुखणं कमी होईल आणि हाड भरून येईल.

आत्याबाईंना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मामंजींनी दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं. अडचण एकच होती. मामंजींना खोटं बोलता येत नसे. चाळीस वर्षं व्यापार केलेला माणूस, पण गिऱ्हाईकानं विचारलं की या डब्याचं झाकण घट्ट बसतं का, तर ते म्हणायचे, याचं नाही बसत, तो दुसरा घ्या. असा माणूस दोन दिवस विचार करून एक खोटं घेऊन आला आणि ते त्यानं आम्हा सगळ्यांच्या देखत आत्याबाईंना सांगितलं. मांडीतल्या रॉडला गंज लागू नये म्हणून दहा दिवस मशीनचा शेक द्यावा लागतो.

आत्याबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"स्टीलचा आहे म्हणालात ना रॉड?"

"स्टीलचाच."

"मग स्टीलला गंज कसा लागेल?"

दुकानात रोज डझनावारी गिऱ्हाइकांना 'स्टील आहे, गंजणार नाही' असं सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचायला हवा होता. मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि सांगितलं की शरीरात मीठ असतं, आणि मिठापुढे स्टीलचंही काही चालत नाही. आत्याबाई म्हणाल्या, मग त्यांनी हलका माल वापरला असणार, तुम्ही आपल्या दुकानातला द्यायला हवा होता. मामंजींनी तीही चूक कबूल केली.

पहिल्या दिवशी फक्त आखणी झाली. कॅन्सरच्या दवाखान्यातल्या एका थंडगार खोलीत त्यांना टेबलावर झोपवून, मोजमापं घेऊन, मांडीवर जांभळ्या शाईनं एक लांब चौकट आणि मध्ये फुली काढली. ते काम करणारे गृहस्थ पन्नाशीचे, जाडजूड आणि अतिशय शांत होते. आत्याबाई त्यांना पहिल्या मिनिटापासून अण्णा म्हणू लागल्या. अण्णांनी बजावलं की दहा दिवस या रेघांना पाणी, साबण, तेल काही लागता कामा नये. रेघा गेल्या तर पुन्हा सगळी मापं घ्यावी लागतील.

आत्याबाईंनी शाईचा वास घेतला आणि मला म्हणाल्या, "हे लहान पोरांच्या जिभेला लावतात तेच औषध आहे गं. गंजाला हे चालतं होय?" मी म्हटलं, चालत असेल. सातारच्या मुलीला याहून जास्त काय ठाऊक असणार, असा चेहरा करून त्या गप्प बसल्या.

आता आत्याबाई म्हणजे अंघोळीशिवाय चूळही न भरणारी बाई. मांडीला पाणी लागू द्यायचं नाही म्हणजे दहा दिवस पुसून घ्यायचं, असा साधा अर्थ मी काढला. त्यांनी वेगळा काढला. रेघा एका पायावर आहेत, तर अंघोळ चालणार नाही ती त्या एका पायाची. बाकीच्या माझी का बुडवायची? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीघरात स्टूल मांडायला लावलं, दुसरं स्टूल दाराबाहेर देवघराकडे जाणाऱ्या बोळात ठेवायला लावलं, आणि रॉडचा पाय बाहेरच्या स्टुलावर ठेवून त्या आतल्या स्टुलावर बसल्या. पायावर दुकानातली भांडी बांधून येणारी प्लास्टिकची मोठी पिशवी चढवून वरून सुतळीनं बांधली. मी आत उभी राहून जपून पाणी घालत होते. बाहेर बोळाच्या मधोमध पिशवीतला पाय आडवा, आणि बोळाच्या पलीकडे मामंजी पूजेचं तबक घेऊन उभे. पाय ओलांडायचा नाही, त्यातून तो बायकोचा आणि ऑपरेशन झालेला. शेवटी ते घराला वळसा घालून मागच्या दारानं देवघरात गेले. पुढे पंधरवडाभर रोज सकाळी ते तबकासकट घराची प्रदक्षिणा करत होते, आणि आमच्या शेजारणीचा असा समज झाला की बायको बरी व्हावी म्हणून त्यांनी काही नेम धरला आहे.

अंघोळ झाली की देवघर. तिथंही आत्याबाईंनी नियम लावला. त्या पाटाऐवजी खुर्चीवर आत बसत आणि पाय उंबऱ्याबाहेर. म्हणायच्या, "पाय तेवढा सोवळ्यात नाही. बाकी मी आहे."

दवाखान्यात रोज न्यायचं कसं, हा पुढचा प्रश्न होता. पाय गुडघ्यात दुमडायचा नाही, त्यामुळे रिक्षा बाद. मग दुकानाची मेटाडोर ठरली. माझा नवरा तिच्यातून तारिहाळच्या कारखान्यातून डबे आणि पिंपं आणत असे. मागच्या भागात गादी घातली, लोड ठेवला आणि आत्याबाईंना त्यावर निजवलं. मामंजींनी गादी कशी घालायची ते स्वतः ठरवलं. डोकं ड्रायव्हरकडे, पाय मागच्या दाराकडे. त्यामागे त्यांचा हेतू असा होता की दवाखान्यात शिरताना तिला समोरची पाटी दिसू नये. हा हेतू त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितला, तेव्हा मला त्यांचं मोठं कौतुक वाटलं. गाडीत बऱ्याचदा न उतरवलेला मालही असायचा. खड्डा आला की सगळी पिंपं एकदम वाजायची आणि आत्याबाई म्हणायच्या, आमची वरात निघाली.

मशीनच्या बाहेर एक लांब बाकांची खोली होती. तिथं रोज तेच दहा-बारा लोक आपापल्या वेळेला यायचे. आमच्या पाळीच्या अगोदर एक बाई असायच्या, अळणावरजवळच्या खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या, आत्याबाईंच्याच वयाच्या. त्यांच्या पाठीच्या मणक्याला शेक होता. त्या कानडीच बोलायच्या. आत्याबाई त्यांना अक्का म्हणायच्या आणि त्याही आत्याबाईंना अक्काच म्हणायच्या, त्यामुळे कोण कोणाहून थोरलं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दोघींनी पहिल्याच दिवशी एकमेकींच्या जांभळ्या रेघा पाहिल्या. अक्कांनी पदर बाजूला करून पाठीवरची चौकट दाखवली, आत्याबाईंनी लुगडं सावरून मांडीवरची. नवीन गोंदण दाखवावं तशा दोघी खूश होत्या.

या उपचाराला तिथं सगळे 'करंट' म्हणत. त्यामुळे दोघींच्या मनात एकच भीती होती, मध्येच करंट गेला तर काय. हुबळीत त्या काळी वीज जाण्याला वेळकाळ नव्हता. आत्याबाईंनी अण्णांना तसं विचारलंच. अण्णांनी शांतपणे सांगितलं की या मशीनच्या पोटात एक धातूचा तुकडा आहे, त्याच्यातून किरणं आपोआपच निघत असतात, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती झाकण उघडायला आणि मिटायला, आणि गेलीच तर ते आपलं आपण मिटतं. आत्याबाईंना हे फार पटलं. झाकण घट्ट बसतं ना, एवढंच त्यांनी पुन्हा विचारलं. दुकानाची सवय.

आत त्यांना एकटंच झोपावं लागे. जाड दार बंद व्हायचं, अण्णा बाहेरच्या पडद्यावर त्यांना बघायचे आणि माइकवरून ऐकायचे. वरून दोन मिनिटं, मग खालून दोन मिनिटं. हलायचं नाही. वेळ जावा म्हणून आत्याबाई पाढे म्हणायच्या. एकीकडून सतरा ते एकोणीस, दुसरीकडून पुन्हा तेच. अण्णांना मराठी येत नव्हतं, पण तीन दिवसांत त्यांना चाल पाठ झाली. बाहेर बसलेल्या आम्हाला माइकवरून ऐकू यायचं, 'एकोणीस नवे एकाहत्तरासे', आणि अण्णा बटणाकडे बघत मान डोलवायचे.

एक दिवस मशीन थांबलं तरी त्या उठेनात. अण्णा आत गेले तर त्या म्हणाल्या, आज कमी दिलंत. काल 'एकोणीस दाहे नव्वदासे' म्हणेपर्यंत चालू होतं, आज एकोणीस साताला थांबलं. अण्णांनी त्यांना घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, अक्का, मशीन तेच आहे, तुम्हीच आज सावकाश म्हणालात. आत्याबाईंनी थोडा विचार केला आणि मान्य केलं; रात्री झोप झाली नव्हती, अठराचा पाढा अडखळला होता. पण बाकीचे तीन एकोणीस पुरे केल्याशिवाय त्या टेबलावरून उतरल्या नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांनी झोपून लुगडं वर घेतलं आणि अण्णा कधी नव्हे ते गोंधळले. दोन्ही मांड्यांवर जांभळी चौकट होती. दोन्हींवर फुली. उकाड्यामुळे आत्याबाई रात्रभर कुशीवर, पायावर पाय टाकून झोपल्या होत्या आणि घामानं एका मांडीची आखणी दुसरीवर उमटली होती, एखाद्या शिक्क्यासारखी स्वच्छ. अण्णांनी मला आत बोलावून कानडीत विचारलं की घरी कोणी काढली का ही. मी इतकी घाबरले की मला आठवलेलं एकमेव कानडी वाक्य बोलले. ते 'आज दूध नको' असं होतं.

टाक्यांचा व्रण कुठल्या मांडीवर आहे हे आंधळ्यालाही दिसत होतं, तेव्हा चूक होण्याचा प्रश्न नव्हता. अण्णांनी स्पिरिटच्या बोळ्यानं दुसरी मांडी हलक्या हातानं पुसली, खरी चौकट पुन्हा गिरवली आणि दोन पायांमध्ये काहीतरी घालून झोपा म्हणून सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, राहू दिलं असतं, एकावर एक मिळालं असतं.

त्या रात्रीसाठी मी मामंजींचा एक जुना पायजमा उभा कापला आणि त्याचा एक पाय आत्याबाईंच्या मांडीवर चढवून नाडीनं कमरेला बांधला. दुसरा पाय ठेवला, पहिला धुवायला गेला की बदलायला. मामंजींनी त्या अर्ध्या पायजम्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की आता गंजाला कापड पण लागतं का. मी हो म्हटलं. आता मीही त्यांच्या खोट्यात भर घालू लागले होते. आणि मामंजींचा स्वतःच्या खोट्यावर हळूहळू विश्वास बसायला लागला होता. संध्याकाळी दुकानातून आले की ते आत्याबाईंच्या गुडघ्याला हात लावून बघायचे आणि म्हणायचे, कोमट लागतोय, म्हणजे रॉड तापतोय.

रोज रात्री जेवताना ते मला विचारायचे, तिथं काही बोलतात का गं हिच्यासमोर? मी आनंदानं सांगायचे की काळजी करू नका, त्यांची आणि त्या अळणावरच्या अक्कांची चांगली गट्टी जमली आहे, दोघी तिथं बसून कांद्याबटाट्याच्या गप्पा मारतात. मला कानडी थोडंच यायचं, पण भाजीबाजारातलं पक्कं होतं. कांदा म्हणजे उळ्ळागड्डी, बटाटा म्हणजे आलूगड्डी. आणि त्या दोघींच्या बोलण्यात दर वाक्याला 'गड्डी' यायचं. माझी गड्डी केवढी होती, तुमची केवढी होती, काढली तेव्हा कशी होती. हातानं मापंही दाखवायच्या. मला वाटे, काय शेती आहे यांची. मामंजी म्हणायचे, असू दे, भाजीपाल्यात मन रमतंय तेवढंच बरं.

सातव्या दिवशी अण्णांना उशीर होता आणि आम्ही तिघी बाकावर बसलो होतो. सुनेनं नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही म्हणून मी धीर करून अक्कांना माझ्या कानडीत विचारलं, "निम्म ऊराग उळ्ळागड्डी छलो ऐतेन्?" तुमच्या गावात कांदा चांगला आहे का, असं मला म्हणायचं होतं आणि तसंच मी म्हटलं होतं. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की आमच्याकडे भात असतो, कांदा कोण लावतो. मी म्हटलं, मग रोज तुम्ही गड्डी गड्डी कशाबद्दल बोलता? अक्कांनी पदराखालून हात नेऊन आधी छातीवर ठेवला, मग पाठीवर.

आत्याबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मांडी धरून बसल्या, टाक्यांच्या जागी कळ येत होती तरी थांबेनात. अक्काही हसू लागल्या, आणि समोरच्या बाकावरचे गळ्याला रेघा काढलेले एक म्हातारे गृहस्थ काय झालं ते न कळताच हसू लागले. मग आत्याबाईंनी डोळे पुसत मला समजावलं की कानडीत गाठीलाही गड्डीच म्हणतात.

मला सगळं एकदम कळलं. मी विचारलं, "आत्याबाई, म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"काय ते?"

मला शब्द उच्चारता येईना. त्यांनीच उच्चारला. "कॅन्सर ना? पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दवाखान्यावर हातभर अक्षरांत लिहिलंय. मी सातवीपर्यंत कानडी शाळेत शिकलेय, मला वाचता येतं."

मी म्हटलं की येताना तर तुमची पाठ पाटीकडे असते.

"येताना असते," त्या म्हणाल्या. "जाताना तोंड तिकडेच असतं. मागच्या काचेतून ती पाटी कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत दिसते."

मामंजींनी गादी कशी घालायची त्याचा इतका विचार केला होता, पण गाडी परतही येते हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ती पाटी वाचता न येणारी घरात मी एकटीच होते.

मी रडायला लागले तेव्हा आत्याबाईंनी मला जवळ ओढलं आणि बजावलं, "यांना सांगू नकोस हं. ते बिचारे गंजाच्या मागे लागलेत, त्यात त्यांचे दिवस बरे चाललेत. मला कळलंय हे कळलं तर जेवायचे नाहीत." मग म्हणाल्या, "भीती मलाही वाटते. पण अक्का म्हणतात, दोघींनी वाटून घेतली की अर्धी होते." अक्का मराठी न समजता मान हलवत होत्या.

तिथून पुढे माझी कसरत सुरू झाली. आत्याबाईंना माहीत आहे हे मामंजींपासून लपवायचं, आणि ते मला कळलंय हेही चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. मामंजी गंजाबद्दल बोलू लागले की आत्याबाई इतक्या गंभीरपणे ऐकायच्या की मला उठून आत जावं लागे. त्यांनी तर एकदा विचारलं, अहो, चिंच लावून घासलं तर नाही का चालणार?

दहावा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. अण्णांनी सांगितलं होतं की सकाळी लवकर सगळ्यांचा शेक उरकून मशीनची पूजा आहे. इकडे त्या दिवशी सायकलीपासून लेथपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तर एवढ्या मोठ्या मशीननं काय पाप केलं? आम्ही गेलो तेव्हा त्या खोलीच्या जाड दाराला केळीचे खांब बांधले होते आणि मशीनच्या मानेवर झेंडूची माळ होती. आत्याबाई आपले पाढे म्हणून बाहेर आल्या आणि पूजेला थांबायचं म्हणाल्या. शेवटी त्यांनी अण्णांना विचारून स्वतःच्या हातानं मशीनला हळदकुंकू लावलं, वॉकरच्या आधारानं एका पायावर उभं राहून. मग अण्णांनी दाराबाहेर कोहळा फोडला. अळणावरच्या अक्कांचा शेक दोन दिवस आधी संपला होता, तरी त्या बस धरून पूजेसाठी आल्या होत्या.

मामंजी दुकानाची पूजा उरकून पेढ्यांचा पुडा घेऊन तिथं पोहोचले. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले, अण्णांचे हात धरून आभार मानले आणि आत्याबाईंच्या शेजारी बाकावर बसले. समाधानानं म्हणाले की झालं, आता गंजाची चिंता मिटली.

आत्याबाईंनी पेढा खाऊन संपवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "गंज नाही, कॅन्सर म्हणतात त्याला. एकदा म्हणून बघा. काही होत नाही."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिची घडी नीट करत बसले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुमच्या आधीपासून असेल. हाड न पडता मोडतं होय कुठे?"

"मग मी रोज ते गंजाचं सांगत होतो, ते?"

"ते मला आवडायचं ऐकायला," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही रोज काहीतरी नवीन सुचवून आणत होता. चाळीस वर्षांत माझ्यासाठी एवढा विचार तुम्ही कधी केला नव्हता."

मामंजी रडले, पण तोंडात पेढा असल्यामुळे ते नीट जमलं नाही. त्यांना ठसका लागला, अक्कांनी त्यांच्या पाठीत जोरात चापट्या मारल्या आणि कानडीत दम भरला की एवढ्या मोठ्या माणसानं पोरासारखं करू नये. परत जाताना मामंजी पुढच्या सीटवर बसले नाहीत. मागे, पिंपांच्या मध्ये, गादीच्या कडेला बसून आले. वाटेत दोघं काय बोलली ते पिंपांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर आत्याबाईंनी पहिली गोष्ट केली ती अंघोळ. दोन्ही पायांची. अण्णांनी सांगितलं होतं की आणखी काही दिवस साबण नको, नुसतं पाणी घाला. तेवढ्यानंही रेघा पुसट होत गेल्या.

दुखणं लगेच थांबलं नाही. उलट चार दिवस जास्त होतं, आणि त्या चार दिवसांत घरात कोणी विनोद केला नाही. मग एका सकाळी त्या म्हणाल्या की रात्री गोळी घ्यायची विसरले. महिन्याभरात त्या वॉकर घेऊन नीट चालू लागल्या, तीन-चार महिन्यांनी फोटो काढून डॉक्टरांनी हाड भरतंय म्हणून सांगितलं आणि हातात काठी आली. पुढच्या काळात त्यांना आणखी दोनदा शेक घ्यावा लागला, एकदा खांद्याला आणि एकदा कमरेला. दोन्ही वेळा मामंजी बरोबर जायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून नवीन येणाऱ्या लोकांना किरणं, हाड, दोन मिनिटं, सगळं समजावून सांगायचे. त्यात ते एकही खोटं बोलत नसत, त्यामुळे काही लोक घाबरायचे आणि मग अण्णांना बाहेर यावं लागायचं.

अळणावरच्या अक्का वर्षभर अधूनमधून येत राहिल्या. येताना नवा तांदूळ आणायच्या आणि जाताना आत्याबाई त्यांना दुकानातलं काहीतरी द्यायच्या. पुढच्या पावसाळ्यात अक्कांचा मुलगा एकटाच आला तेव्हा आम्हाला दारातच कळलं. आत्याबाई दोन दिवस खोलीतून फारशा बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पाटी-पेन्सिल आणायला लावली आणि दुपारी जेवणं झाल्यावर कानडी मुळाक्षरं शिकवायला घेतली. म्हणाल्या, घरात एकतरी शहाणं माणूस राहायला हवं. रोज अर्धा तास. चुकलं की 'सातारा' एवढंच म्हणायच्या.

आत्याबाई त्या ऑपरेशननंतर साडेतीन वर्षं जगल्या. नवं शतक त्यांनी पाहिलं, आणि त्यात काही विशेष नाही असं मत दिलं. शेवटच्या वर्षी माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा साडी स्वतः निवडणार म्हणून त्या हट्टाला पेटल्या. मी त्यांना धारवाडला सुभाष रोडवर घेऊन गेले. पहिल्या दुकानात मालकानं काठी पाहून लगेच खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, खुर्ची नको, बसलं की माणूस जे दाखवाल ते घेतं. तीन दुकानं त्यांनी उभ्यानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानात खुर्चीवर मी बसले होते आणि त्या काठीच्या टोकानं वरच्या फळीवरच्या साड्या दाखवत होत्या, ती नाही, तिच्या खालची. शेवटी पहिल्या दुकानातलीच मोरपंखी साडी आणायला आम्ही परत गेलो. ती लग्नात त्यांनी नेसली, पंगतीत उभं राहून लोकांना आग्रह केला आणि त्यानंतर आठ महिन्यांनी, उन्हाळ्यात, घरीच गेल्या. पाय शेवटपर्यंत दुखला नाही.